रात्रीचा गारवा कोणाच्या मालकीचा?

१९६४ च्या मार्चमध्ये कैरोत निव्वळ प्रयोगासाठी काही छोट्या खोल्या बांधल्या गेल्या आणि त्यांच्या आतलं तापमान दिवसरात्र नोंदवलं गेलं. त्यांतली एक कच्च्या मातीच्या विटांची होती, भिंती आणि छत ५० सेंटिमीटर जाड. दुसरी काँक्रीटच्या तयार फलकांची, जाडी १० सेंटिमीटर. मातीच्या खोलीतला पारा चोवीस तासांत २१ ते २३ अंशांच्या बाहेर गेला नाही. काँक्रीटची खोली दुपारी ३६ अंशांवर पोचली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंशांनी गरम. इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फथी यांनी हे आकडे पुढे आपल्या लेखनात मांडले आणि तेव्हापासून पारंपरिक घरांची बाजू घेणाऱ्यांच्या भात्यात ते कायम असतात.

आकडे खरे आहेत, पण सामना बरोबरीचा नव्हता. पन्नास सेंटिमीटर मातीशी दहा सेंटिमीटर काँक्रीटची गाठ घालून दिली की निकाल आधीच ठरतो. काँक्रीटची भिंत तेवढीच जाड केली असती तर फरक बराच आटला असता. शिवाय महिना मार्चचा. तेव्हा कैरोच्या रात्री चांगल्याच गार असतात, त्यामुळे खोलीने दिवसा जी काही उष्णता पोटात घेतली ती रात्रीतून बाहेर टाकायला तिला पूर्ण मुभा होती. हाच प्रयोग एखाद्या दाट वस्तीच्या शहरात, रात्रीसुद्धा पारा ३२ च्या खाली उतरत नाही अशा आठवड्यात केला तर मातीची खोली काय करील?

दर उन्हाळ्यात एक वाद रंगतो. एक बाजू म्हणते, पूर्वीच्या लोकांना सगळं कळत होतं, विजेशिवाय घरं गार राहायची, आपणच काँक्रीट आणि काचेच्या नादी लागलो. दुसरी म्हणते, हे सगळं स्मरणरंजन आहे, उन्हाने माणसं मरतात, एसी स्वस्त करा आणि मोकळे व्हा. मला दोन्ही बाजूंची एकच खोट दिसते. दोघांचीही नजर एका घराच्या चार भिंतींवर असते. जुनी घरं थंड राहायची ती मुख्यतः रात्रीच्या जिवावर, आणि रात्रीचा गारवा कुठल्याही एका घराच्या मालकीचा कधीच नव्हता. तो वस्तीचा सामाईक होता. आज तो संपत चालला आहे, आणि तो राखायचा की नाही हे एकेका घरमालकाच्या सुज्ञपणावर सोडून भागणार नाही.

यासाठी आधी ती घरं चालायची कशी ते बघायला हवं.

एक फूट जाड मातीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आतल्या अंगाला पोचायला आठ-दहा तास लागतात. बाहेर कडक ऊन असताना आतला पृष्ठभाग अजून सकाळचाच असतो. उष्णता आत पोचते तेव्हा बाहेर काळोख पडलेला असतो, दारं-खिडक्या उघडलेल्या असतात आणि वारा ती घेऊन जातो. पहाटेपर्यंत भिंत रिकामी होते, पुढच्या दुपारसाठी तयार. याउलट १०-१२ सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या स्लॅबला हाच प्रवास तीन तासांच्या आसपास लागतो. उन्हात स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात सहज जातो आणि संध्याकाळी चार-पाच वाजता ती सगळी धग खाली उतरायला लागते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. रात्री दहाला हवा जरा निवलेली असते, तरी पलंगावर पडलं की डोक्यावरचं छत अंगावर तापतंच. पंखा लावला तर तो छताखालची गरम हवाच खाली ढकलतो. तापमापक ३२ दाखवतो आणि शरीर त्यापेक्षा कितीतरी अधिक भोगतं, कारण माणसाला हवेइतकीच भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता लागते.

रात्र उष्णता कशी ओढून घेते याचा सगळ्यांत नाट्यमय पुरावा घरांचा नाही, बर्फाचा आहे. अलाहाबादला अठराव्या शतकात हिवाळ्यात बर्फ बनवत असत, त्याचं वर्णन रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. मोकळ्या मैदानात दोनेक फूट खोल, ऐसपैस खड्डे खणायचे. तळाशी उसाची वाळकी चिपाडं किंवा मक्याची ताटं यांचा वीतभर थर द्यायचा. त्यावर बिनझिलईच्या, बोटभर खोल मातीच्या परळांच्या रांगा मांडायच्या आणि तिन्हीसांजेला त्यांत उकळून निवलेलं पाणी ओतायचं. सूर्य उगवायच्या आत परळांत बर्फ धरलेला असे. भोवतालची हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही. खालून येणारी जमिनीची ऊब चिपाडांनी अडवली, थोडं पाणी परळाच्या छिद्रांतून पाझरून वाफ झालं, आणि वरचं निरभ्र कोरडं आकाश पाण्यातली उष्णता किरणांच्या रूपाने सतत काढून घेत राहिलं. इराणमधल्या यखचालांनी, म्हणजे मातीच्या उंच घुमटांच्या बर्फघरांनी, वाळवंटाच्या काठावर हेच तत्त्व वापरलं.

घराचा चौक आणि गच्ची रात्रभर हेच करत असतात. गच्ची आकाशाकडे उष्णता फेकते, तिच्यालगतची हवा निवते, जड होते आणि चौकात उतरून बसते. तिथून ती खोल्यांत शिरते. सकाळी ऊन वर चढलं तरी चौक अरुंद आणि भिंती उंच असल्या की तळाशी साचलेली ही गार हवा बराच वेळ हलत नाही. म्हणून मोठ्या पसरट अंगणापेक्षा खोल चौक उष्ण-कोरड्या प्रदेशात जास्त कामाचा ठरतो. आजच्या बंगल्यांत शोभेसाठी काढलेला ‘कोर्टयार्ड’ वरून काचेने झाकलेला दिसतो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. आकाशाकडे जाणारी वाट काचेने अडवली आणि दुपारचं ऊन मात्र आत घेतलं, म्हणजे झालं नेमकं उलटं.

इराणच्या यझ्द शहरातले बादगीर याच हिशेबात बसतात. घराच्या वर उभा मनोरा, वरच्या टोकाला चहूबाजूंनी उभ्या फटी आणि आत पडद्यांसारख्या भिंतींनी केलेले वेगवेगळे उभे बोगदे. वारा ज्या बाजूने येतो तिथली फट तो आत घेते, समोरच्या बाजूला दाब कमी होतो आणि तिथून घरातली हवा वर ओढली जाते. एकच मनोरा श्वास घेतो आणि सोडतोही. वारा पडला की दिवसा उन्हाने तापलेला मनोरा हवा वर खेचतो, रात्री निवलेला मनोरा ती खाली सोडतो. दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटरहून उंच आहे. कित्येक ठिकाणी बादगीराच्या पायाशी पाण्याचं टाकं असे, कनातीतून, म्हणजे जमिनीखालच्या कालव्यातून आलेलं. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ते साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं, त्यामुळे कोरड्या हवेत थोडं पाणी पुष्कळ काम करतं. आता आखाती शहरांतल्या आलिशान हॉटेलांवर हेच मनोरे शोभेला उभे दिसतात. आत बोगदा नाही, खाली एसी.

सिंधमधल्या हैदराबादेत तर एके काळी गच्चीगच्चीवर वारा धरणारे झरोके होते, सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, कारण उन्हाळ्यात समुद्रावरचा वारा तिकडूनच येतो. शेकडो झरोके एकाच दिशेला बघताहेत अशी त्या शहराची जुनी छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. मला त्यांत झरोक्यांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: कोणाचंही घर इतकं उंच नाही की मागच्याचा वारा अडावा. हे आपोआप घडलं असेल, रिवाजाने घडलं असेल किंवा उंच बांधायची ऐपतच नसेल. पण एका घराने दहा मजले चढवले असते तर मागच्या रांगेतल्या सगळ्या झरोक्यांची किंमत शून्य झाली असती.

इथे पारंपरिक घरांच्या भक्तांना एक गोष्ट सुनावली पाहिजे. ‘पारंपरिक घर’ असं एक काही नव्हतंच. जाड भिंत, लहान खिडकी, खोल चौक हे सगळं कोरड्या प्रदेशाचं शहाणपण. दमट किनाऱ्यावर ते उलटतं. मलय द्वीपकल्पातलं घर खांबांवर उचललेलं, भिंती हलक्या आणि फटींच्या, छत उतरतं आणि पुढे झुकलेलं. केरळातल्या घराची उतरती छपरं इतकी खाली येतात की भिंतीवर ऊन पडतच नाही. तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो, मग भिंतीत उष्णता साठवून करायचं काय? सावली द्यायची, वारा खेळता ठेवायचा आणि घर असं बांधायचं की सूर्य मावळताच तेही निवावं. कोरड्या मुलुखातलं जाड भिंतीचं घर दमट हवेत आणून बांधलं तर त्यात ओल धरेल, बुरशी येईल आणि रात्री झोप लागणार नाही. झिंबाब्वेतल्या हरारेमधलं ईस्टगेट सेंटर, वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांची १९९६ मधली इमारत, वारुळावरून सुचली म्हणून जगभर गाजली. रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटच्या पोकळ्यांतून फिरवायची आणि दिवसा तो गारवा वापरायचा, ही तिची युक्ती. पण हरारे समुद्रसपाटीपासून दीडएक हजार मीटर उंच आहे, तिथल्या रात्री गार असतात. वारुळाचं कौतुक सगळे करतात, उंचीचा उल्लेख कोणी करत नाही.

दुसरी न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे श्रम. ही घरं आपसूक गार राहत नव्हती, कोणीतरी ती गार ठेवत होतं. उन्हं चढायच्या आत सगळ्या खिडक्या लावायच्या, दिवेलागणीनंतर उघडायच्या. वाळ्याच्या ताट्यांवर दुपारभर पाणी मारायचं. चौकात सडा घालायचा, पाणी लांबून आणायचं. पावसाळ्याआधी छताला मातीचा नवा थर आणि भिंतींना गिलावा द्यायचा. श्रीमंताघरी हे काम नोकर करत, इतरांच्या घरी बायका. पंखा ओढणारा माणूस रात्रभर दाराबाहेर बसून दोरी ओढे, म्हणून आतला साहेब झोपे. वीज लागत नव्हती हे खरं, पण तिच्या जागी माणूस राबत होता. आज घरातली दोघंही सकाळी नऊला बाहेर पडत असतील तर खिडक्यांचं वेळापत्रक पाळणार कोण? तेव्हा जुन्या पद्धतीचं गुणगान करताना तिचा हा खर्चही मांडायला हवा.

बगदादच्या जुन्या घरांत माणसं उन्हाचा पाठलाग चुकवत घरातल्या घरात फिरत. दुपारी सर्दाबात, म्हणजे तळघरात, संध्याकाळी चौकात, रात्री गच्चीवर. झोपायची खोली, बसायची खोली अशी पक्की वाटणी नव्हती, अंथरूण उचललं की खोली बदलली. मला ही सगळ्यांत हुशार युक्ती वाटते आणि सगळ्यांत अवघडही. एका खोलीच्या बिऱ्हाडाला जाणार कुठे? गच्ची सोसायटीच्या कुलपात आणि वर पाण्याच्या टाक्या व मोबाइलचे मनोरे.

आणि मग भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. २६ डिसेंबर २००३ ला, पुन्हा पहाटेच, इराणच्या बाममध्ये कच्च्या विटांची घरं पडून पंचवीस हजारांहून अधिक माणसं दगावली. जी जाडी उन्हापासून वाचवत होती तिनेच जीव घेतला. माती वापरूच नये असा याचा अर्थ मी काढत नाही. बांधणी सुधारता येते, भिंतींना पट्टे देता येतात, छत हलकं करता येतं. पण किल्लारीत घर गमावलेल्या माणसाने पुन्हा दगड-मातीच्या भिंतींत झोपायला नकार दिला, तर त्याला ‘परंपरा विसरला’ म्हणायचा अधिकार कोणाला नाही.

लिबियातल्या घदामेसची गोष्ट मला या वादात सगळ्यांत बोलकी वाटते. वाळवंटातलं हे जुनं गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेली मातीची घरं आणि त्यांच्याखालून गेलेल्या, वरून पूर्ण झाकलेल्या गल्ल्या. अधूनमधून उजेडासाठी वर मोकळा झरोका. पुरुषांची ये-जा खालच्या सावलीतून, बायकांची गच्च्यांवरून, कारण गच्च्या घराघरांतून सलग. सरकारने शेजारी नवं गाव वसवलं, नळ-वीज-रस्त्यांचं, काँक्रीटचं, आणि लोक तिकडे राहायला गेले. ते मूर्ख नव्हते. नळ घरात येतो, गाडी दारापर्यंत जाते, मुलीला स्वतःची खोली मिळते, हे सगळं कोणालाही हवंसं वाटेल. तरीही कडक उन्हाळ्यात कित्येक कुटुंबं दिवस काढायला जुन्या घरांत परततात. त्यांनी जुन्या गावात जे सोडलं ते घर नव्हतं फक्त. एकमेकांवर सावली धरणारी सगळी रचना होती, आणि नव्या गावात ती कोणाला एकट्याने उभी करता येत नाही. झाकलेली गल्ली काही एका घराच्या बजेटमध्ये बसत नाही.

माझा मुद्दा इथे येऊन ठेपतो. जुन्या दाट वस्तीत घराच्या दोन-तीन भिंती शेजाऱ्याशी सामाईक असत, त्यांवर ऊन पडतच नसे. ऊन खायला उरायचं ते छत आणि एखादी दर्शनी बाजू. येमेनमधल्या शिबाममध्ये पाच-सात मजली मातीची घरं इतकी जवळजवळ उभी आहेत की गल्ल्यांत दिवसाचा बहुतेक वेळ सावलीच असते. आधुनिक नगररचनेचा नियम काय म्हणतो? प्रत्येक इमारतीने चारही बाजूंनी जागा सोडा, रस्ता रुंद करा. आग, रोगराई, उजेड, गाड्या या कारणांसाठी तो नियम आला आणि त्यातली काही कारणं रास्तच आहेत. पण उष्ण कोरड्या हवामानात त्याचा परिणाम असा की प्रत्येक इमारत चारी अंगांनी उन्हात उभी, आणि मधला रस्ता दिवसभर तापणारा डांबराचा पट्टा. हा नियम थंड हवेच्या देशांत घडला, जिथे घरात ऊन यावं म्हणून धडपड चालते. तो आपण उष्ण शहरांत जसाच्या तसा आणला आणि नंतर घरमालकाला विचारतो, ‘तुमचं घर तापतं का?’

त्यावर तो एसी बसवतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण एसी गारवा तयार करत नाही, उष्णता उपसून बाहेर टाकतो. साधारण एक युनिट वीज खाऊन खोलीतली तीन युनिट उष्णता उपसली, तर बाहेर चार युनिट पडते. कुठे? बहुतेक वेळा दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात, जिथे समोरच्याची खिडकी उघडते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहराबद्दल अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मांडलं की एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे शहराच्या काही भागांत रात्रीचं तापमान एक अंशाने चढतं. रात्रीचं, हे लक्षात घ्या. म्हणजे जुन्या घराच्या यंत्रणेला नेमकं जे लागतं तेच. बोअरवेलसारखाच हा प्रकार आहे: एकाने सहाशे फूट खाली मारली की शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजाऱ्यालाही मारावीच लागते. ज्याची ऐपत नाही त्याच्या वाट्याला रिकामी विहीर येते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये अंदाज दिला होता की जगातल्या एसींची संख्या तेव्हाच्या १६० कोटींवरून २०५० पर्यंत ५६० कोटींवर जाईल. या वाढीला नावं ठेवणं सोपं आहे, विशेषतः एसीच्या खोलीत बसून. मी ते करणार नाही. दमट उष्णतेत एका मर्यादेपलीकडे घामच वाळत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाने ३५ अंश दाखवले की सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊनही शरीर स्वतःला थंड ठेवू शकत नाही, ही सैद्धांतिक मर्यादा. निरोगी तरुणांवरच्या प्रयोगांत ती याहून बरीच खाली आढळली आहे. अशा दिवशी मातीची भिंत आणि वाळ्याची ताटी यांचं गुणगान ऐकवणं हा निर्दयपणा होईल. रुग्णालयात, पाळणाघरात, म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत यंत्राचा गारवा हवाच. प्रश्न त्याच्या क्रमांकाचा आहे. छत, सावली आणि रात्रीचा वारा यांचं काम झाल्यावर जे उरेल तेवढंच एसीने करावं. आज तो पहिल्या दिवसापासून सगळंच करतो, कारण बाकी काही केलेलंच नसतं.

आता खिडकीकडे येऊ, कारण रात्रीच्या गारव्याची सगळी वाटचाल शेवटी तिच्यातूनच होते आणि धोरणांच्या कागदांत तिचा उल्लेख फक्त आकारापुरता असतो. बाहेर २६ अंश आणि आत ३२ अशी परिस्थिती अनेक शहरांत, अनेक रात्री असते. खिडकी उघडली की काम झालं. मग ती बंद का असते? डास येतात म्हणून. जाळी लावली तर वारा बराच अडतो. रात्रभर गाड्यांचे हॉर्न, कुत्री, कोणाचा तरी जनरेटर. कचरा जाळल्याचा धूर. तळमजल्यावर चोरीची भीती, एकट्या राहणाऱ्या बाईला तर आणखीच. आणि समोरच्या एसीचा गरम झोत. या प्रत्येक कारणाचा बंदोबस्त घराबाहेर आहे. डासांचं नियंत्रण, रात्रीच्या आवाजाचे नियम, कचरा, रस्त्यावरचे दिवे ही खाती स्वतःला उष्णतेशी संबंधित समजतच नाहीत, पण एखाद्या वस्तीत लोक रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपू शकतात का, हे तीच ठरवतात. जुन्या वस्तीत रात्री शांतता होती, गाड्या नव्हत्या. घराची गार राहण्याची किमया आपण भिंतीच्या खात्यात जमा केली आणि शांततेला विसरलो.

तेव्हा नियम कशाचे करावेत याचा माझा क्रम सरळ आहे. पहिलं छत. उष्ण प्रदेशात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, बुटक्या घरात सगळ्यांत जास्त उष्णता वरूनच येते. चुना किंवा पांढरा परावर्तक लेप, त्यावर सावली, स्लॅबमध्ये पोकळी. उपाय जुनेच आहेत आणि खर्च फार नाही. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या भिंती आणि मंगलोरी कौलं भरलेले स्लॅब अनेक इमारतींत वापरून दाखवले, तेही कमी सामानात. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांत पांढऱ्या छतांचा कार्यक्रम घेतला, तो योग्य दिशेने होता. मात्र पांढरं छत धुळीने काळवंडतं, ते दर वर्षी पुन्हा रंगवायला माणूस आणि पैसा ठेवावा लागतो. उद्घाटनाच्या फोटोत हे येत नाही.

दुसरी सावली, आणि ती काचेच्या बाहेर. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलंच, पडदा फक्त डोळ्यांना दिसू देत नाही. बाहेरचा सज्जा, जाळी, झडप, चिकाचा पडदा ते भिंतीपर्यंत पोचूच देत नाहीत. पूर्ण काचेच्या दर्शनी भागाला उष्ण शहरात परवानगी देणं मला तरी अनाकलनीय वाटतं. त्या इमारतीची सगळी उष्णता शेवटी रस्त्यावर येते.

तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं: इमारत बाहेर किती उष्णता टाकते याचा हिशेब परवानगीच्या कागदावर असायला हवा. सांडपाणी कुठे सोडणार हे विचारल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. एसीची धग कुठे सोडणार हे कोणी विचारत नाही. बोळात, डक्टमध्ये, समोरच्या खिडकीच्या दोन मीटरवर यंत्रं लावायला मनाई असावी, ती छतावर किंवा मोकळ्या बाजूला न्यावीत. दोन इमारतींमधलं अंतर ठरवताना उन्हाचा आणि वाऱ्याचा विचार हवामानानुसार व्हावा: कोरड्या मुलुखात भिंतीला भिंत लागू द्यावी, दमट किनाऱ्यावर वाऱ्याची वाट मोकळी सोडावी. एकच नियमावली दोन्हीकडे लावणं हे आजवरचं सगळ्यांत मोठं अडाणीपण.

भारतात २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आली. तिच्यात छतातून किती उष्णता झिरपावी याची मर्यादा आहे, भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची आहे, उघडणाऱ्या खिडक्या किती असाव्यात याचं प्रमाण हवामानाप्रमाणे वेगवेगळं दिलं आहे. मजकूर चांगला आहे. पण २०१८ च्या त्या मजकुराप्रमाणे ती लागू होते किमान ५०० चौरस मीटरच्या भूखंडावरच्या बांधकामांना. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या, चाळीच्या वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या, गुंठाभर जागेत दोन मजले चढवणाऱ्या माणसाचा त्यात पत्ताच नाही. जिथे एसी येणारच आहे तिथे तो थोडा कमी चालावा, एवढीच काळजी त्यात दिसते. जिथे एसी कधीच येणार नाही तिथल्या रात्रीची जबाबदारी कोणाकडेच नाही.

आणि ती रात्र मोजलीही जात नाही. उष्णतेचे इशारे बहुतेक ठिकाणी प्रामुख्याने दिवसाच्या कमाल तापमानावर दिले जातात, आणि अधिकृत तापमापक नियमाप्रमाणे मोकळ्या, गवताळ जागेत असतात, पुष्कळदा विमानतळावर. तिथे पहाटे पारा २७ वर उतरलेला असताना दाट वस्तीतल्या पत्र्याखाली तो कुठे आहे हे पालिकेला ठाऊक नसतं. प्रत्येक प्रभागात चार-सहा घरांत छताखाली साधे नोंद करणारे तापमापक ठेवून रात्री दोनचं तापमान रोज जाहीर करायला फार पैसे लागत नाहीत. पांढऱ्या छतांचा पैसा आधी कुठे जावा, गरम हवा फेकणारी यंत्रं कुठल्या बोळातून आधी हलवावीत आणि उन्हाळ्यात कुठल्या शाळेची गच्ची रात्री झोपायला उघडी ठेवावी, हे त्या आकड्यांवरून ठरवता येईल.